वरचा बोंबील

जनाबाईनं हात पुढे केला आणि त्या टायवाल्या पोरानं कागद मागे घेतला. झालं ते एवढंच. फार नाही, वीतभरच मागे घेतला, आणि हसून म्हणाला, "मावशी, ओला होईल ना तो." हात ओला होता हे खरं. रविवारचा ठाण्याचा बाजार उरकून ती नुकतीच बाळकुमला घरी आली होती, पाट्या मागच्या दारी पालथ्या घातल्या होत्या, चिंचेनं चोळचोळून हात धुतले होते आणि ते पुसायच्या आत पाहुणा दारात उभा राहिला होता. बाजारात तिनं याहून पुष्कळ पाहिलं होतं. बाया दोन बोटांत नोट धरून तिच्या तळहातावर वरून सोडायच्या, सुटे घेताना हाताऐवजी पिशवीचं तोंड पुढे करायच्या. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. उलट अशा बाईच्या हाताला ती मुद्दाम हात लावून "सांबाल गं बाय, पैसा पडेल" म्हणायची आणि शेजारच्या ओट्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पण तो बाजार होता. हे तिचं घर होतं, पोरगा तिच्या पलंगावर बसला होता आणि तिनं केलेला चहा पीत होता. आणि कागद मागे गेला त्याहून जास्त लागलं ते पुढचं. तिच्या धाकट्या लेकीनं, हेमानं, तो कागद आपल्या हातात घेतला आणि मान वर न करता म्हटलं, "राहू दे आई, तू नको बघू. हे वेगळं असतं."

हे वेगळं असतं. गेली आठ-नऊ वर्षं जनाबाई हे वाक्य ऐकत आली होती. दहावीनंतर कुठे जायचं ते वेगळं असतं, डिप्लोमा वेगळा आणि डिग्री वेगळी असते, वागळे इस्टेटच्या कारखान्यात हेमा कॉम्प्युटरवर यंत्रांची चित्रं काढायची ते तर पारच वेगळं असतं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा त्यानंही सगळं दामाजीला विचारलं, तिच्या नवऱ्याला, आणि दामाजी असा माणूस की पलीकडच्या नव्या टॉवरच्या फाटकावर वॉचमन होऊन बसल्यापासून युनिफॉर्म घातलेल्या कोणालाही "हो साहेब" म्हणायचा. जनाबाईनं तेव्हाही चहाच केला होता. आता कंपनी हेमाला सहा महिन्यांसाठी जर्मनीला धाडत होती. निघायला तीन आठवडे उरले होते. तिकडे खाणंपिणं, बस, आगगाडी, सगळं क्रेडिट कार्डावर करायचं. पावत्या दाखवल्या की कंपनी ते पैसे भरून देणार, पण बँक मध्ये जे कापून घेईल ते मात्र हेमाचं हेमानं सोसायचं. म्हणून कार्ड निवडायचं होतं आणि म्हणून हा बँकेचा एजंट, डोंबिवलीचा जगन, निळ्या फायली घेऊन रविवारी दुपारी चार वाजता घरी आला होता. जनाबाईला विमानाची भीती नव्हती, परक्या मुलखाची नव्हती, तिकडच्या थंडीचीसुद्धा नव्हती. तिला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची, की ही पोरगी आता जिथे चालली आहे तिथल्या कशातच आपला शब्द लागणार नाही. मग आपण तिच्या कोण, तर सकाळी डबा भरून देणारी बाई. आणि डबाही आता सहा महिने लागणार नव्हता.

ती आत गेली नाही. हात पदराला पुसत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. मागच्या दारी उत्तरा, तिची थोरली, विकून उरलेले बोंबील साफ करत होती. उत्तराचं सासर शहाडचं, नवरा तिथल्या कारखान्यात पाळीवर. पण रोज सकाळी ती ठाण्याच्या बाजारात आईच्या ओट्याला ओटा लावून बसायची आणि रविवारी दुपारी बाळकुमला येऊन चार घास खाऊन मग घरी जायची. कोयत्याचा आवाज एका लयीत येत होता. बाहेर जगन बोलत होता आणि तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता. "मॅडम, पहिल्या वर्षी फी झीरो. आणि वरून कॅशबॅक. शंभरची खरेदी केलीत की दोन रुपये परत. हजारला वीस. तुम्हाला काही करायचं नाही, बँक स्वतःहून तुमच्या बिलात टाकते."

"परत कशाला देतात पण?" हेमानं हसत विचारलं.

"गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून. बाकी काय."

कोयत्याचा आवाज थांबला. उत्तरानं मान वळवून आईकडे पाहिलं आणि जनाबाईनं उत्तराकडे. दोघींच्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभं राहिलं, आणि ती म्हणजे मनुबाई, जनाबाईची सासू, जाऊन बारा वर्षं झालेली.

मनुबाई म्हणजे अंगानं काडी आणि जिभेनं कोयता. जनाबाई एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन बाळकुमला आली आणि हळद उतरायच्या आत सासूनं तिला ठाण्याच्या बाजारात ओट्यावर बसवली. पहिल्याच दिवशी वाटे लावायला शिकवलं. बोंबील मोजून विकत नाहीत, वाटा लावून विकतात. पण वाटा लावणारीला मोजता आलंच पाहिजे. चांदीसारखे चमकणारे वर, पोट फुटलेले खाली, शेपट्या सगळ्या एका बाजूला. बारांचा वाटा म्हणायचा आणि लावायचे अकरा. बारावा कुठे, तर मांडीखालच्या ओल्या गोणपाटात. गिऱ्हाईक येणार, भाव पाडणार, दोन पावलं जाणार, परत येणार, आणि शेवटी पैसे काढताना म्हणणार, वर काहीतरी टाक की गं. मग तोंड वाकडं करायचं, कपाळाला हात लावायचा, आणि गोणपाटातला तो बारावा काढून वाट्यावर ठेवायचा. बाई खूश. घरी जाऊन सांगणार, आमची कोळीण हाताची सढळ आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय. नव्या नवरीला तेव्हा हे पाहून कसंसंच झालं होतं. ती सासूला म्हणाली, आई, पण तो तर तिचाच होता. मनुबाई पानाची पिंक टाकून म्हणाली होती, "मंग? वरचा बोंबील कोन घरशी आनून घालतं काय? वर घालाचा त्यो आदी खालशी काडून ठेवाचा. गिराईक वरती बगतं. आपन खाली बगाचा." जनाबाईला ते कसंसं वाटणं महिनाभर पुरलं. पुढची छत्तीस वर्षं तिनं खाली पाहिलं, संसार केला, पत्र्याचं घर विटांचं केलं आणि हाताची सढळ म्हणून नाव कमावलं. त्या नावाचं काय करायचं हा प्रश्न तिला मधूनच एखाद्या दुपारी पडायचा, बाजार रिकामा झाल्यावर, ओटा धुताना. तेव्हा ती शेजारच्या ओट्याकडे बघायची नाही. तिथे उत्तरा बसलेली असायची.

बाहेर हेमा पेनचं टोपण काढत होती. जनाबाईनं ते पाहिलं. आता बोललं नाही तर पुन्हा कधीच नाही, असं तिला वाटलं. आणि बोललं आणि हसं झालं तर? हेमा चिडणार नाही, तिचं चिडणं परवडलं असतं. ती फक्त जगनकडे बघून ओशाळं हसेल, आईच्या वतीनं, जशी ती शाळेच्या पालकसभेत बाईंकडे बघून हसायची. ते हसू जनाबाईच्या चांगलं ओळखीचं होतं. तरी ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "पोरा, एक सांग. यो जो तू परत देतंस, त्याच्या आदी घेतंस किती?"

"घेत काहीच नाही मावशी. फी झीरो."

"हितं नाय घेत. तितं? जर्मनीत?"

"तिकडे पण चालतं कार्ड. सगळीकडे चालतं."

"चालतं त्या कल्ला मना. चालवाचा काय घेतंस?"

जगननं चहाचा कप खाली ठेवला. "ते कन्व्हर्जनचं असतं मावशी. म्हणजे बघा, मॅडम तिकडे मार्कमध्ये खर्च करणार, बिल येणार रुपयात. त्याचा चार्ज लागतो. सगळ्याच बँका घेतात."

"कवरा?"

"साडेतीन टक्के."

हेमा म्हणाली, "आई," पण तिचं पेन कागदावर टेकलं नाही. जनाबाईला टक्के कळत नव्हते असं नाही, तिला ते कोड्यांत कळत होते. कोडी म्हणजे वीस, शंभर म्हणजे पाच कोड्या. पाच कोड्या बोंबलांतले साडेतीन आधी उचलायचे, मग त्यातलेच दोन वर ठेवायचे आणि म्हणायचं, घे बाय, तुजा नशीब चांगला. दीड गोणपाटातच राहतो. ठीक आहे, धंदा आहे, दीड राहू द्यावा. तीही ठेवत आली होती. एवढ्यावर ती गप्पच बसली असती. पण मागच्या दारातून उत्तराचा आवाज आला, शांत, जणू ती कोळंबीचा भाव विचारत होती. "आये, वरचा कंच्या वाट्यावर त्या इचार."

हे जनाबाईच्या लक्षातच आलं नव्हतं. बाजारात एक जात असते वरच्याची, पाहुण्या गिऱ्हाइकासाठीची. पापलेट घेणाऱ्या बाईला वर काहीतरी द्यायचं कबूल करायचं आणि पैसे घेतल्यावर सांगायचं की वरचं फक्त मांदेलीच्या, त्या बारीक स्वस्त मासळीच्या, वाट्यावर. देते म्हणायचं, कोणत्या वाट्यावर ते आधी बोलायचं नाही. ती उठली. उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत आली आणि जगनसमोर उभी राहिली. "शंभराला दोन देतंस, त्ये हितल्या शंभराला का तितल्या?"

"सगळ्याच मावशी. खर्च म्हणजे खर्च."

"लिवलाय?"

जगननं कागद उलटला. मागे बारीक अक्षर होतं, मुंग्या चालल्यासारखं. त्यानं तो खिडकीच्या उजेडात धरला आणि बोट फिरवत वाचायला लागला. टाय गळ्याशी घट्ट झाल्यासारखा त्यानं मध्ये एकदा सैल केला. मग त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ त्यानं मनात वाचली, पुन्हा वाचली, आणि या पोराबद्दल जनाबाईला पुढे जो लळा लागला तो इथूनच, कारण त्यानं ती लपवली नाही. "फक्त भारतात, रुपयांत केलेल्या खर्चावर," तो म्हणाला. "मावशी, आईशप्पथ, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येसुद्धा कोणी सांगितलं नाही."

हेमानं पेनला टोपण लावलं. जनाबाईला वाटलं होतं की आपण जिंकलो तर आत कुठेतरी ढोल वाजतील. तसं काही झालं नाही. फक्त पाय जमिनीवर नीट टेकल्यासारखे वाटले. सहा महिने पोरीनं तिकडे खर्च करायचा, दर शंभरामागे साडेतीन द्यायचे आणि वरचा एक बोंबीलही नाही, आणि हे या घरात कोणाला दिसलं, तर दोन कोळणींना. हेमा तिच्याकडे बघत होती. ओशाळं हसू नव्हतं. हेमाच्या तोंडावर जे होतं ते जनाबाईनं एकदाच पाहिलं होतं, पोरगी चार वर्षांची असताना, खाडीच्या चिखलात मांड्यांपर्यंत रुतली होती आणि जनाबाईनं तिला एका हातानं उपसून काढली होती तेव्हा.

हेमानं पर्समधून दुसरा एक फॉर्म काढला. कारखान्यातल्या कोणीतरी दिलेला, दुसऱ्या बँकेचा, मातकट रंगाचा, घडी पडलेला. "हा मी बघितलाच नव्हता आई. ह्याला वर्षाची पाचशे रुपये फी आहे, आणि परत मिळतो शंभराला फक्त अर्धा रुपया. म्हणून बाजूला ठेवलेला." तिनं तो स्वतः ठेवला नाही. दोन्ही हातांनी आईपुढे धरला. जनाबाईचा हात अजून दमट होता. तिनं तसाच घेतला आणि कोपऱ्यावर तिचा अंगठा ओला उमटला. कागद काही फाटला नाही. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मराठीही जेमतेम, पण तिनं आधी कागद उलटला आणि मागची बाजू वर करून हेमाच्या मांडीवर ठेवला. "खालशी वाच," ती म्हणाली.

हेमा वाचत गेली आणि जनाबाई विचारत गेली. तिकडच्या खर्चावर किती कापणार, तर दीड. अर्धा रुपया कुठल्या खर्चावर, तर सगळ्या, इथल्या आणि तिथल्या. पाचशे एकदाच की दर महिन्याला, तर वर्षातून एकदा. उशीर झाला तर काय, पाकीट हरवलं तर काय, कार्डावर रोख काढली तर काय. रोख काढायला दोन्हीकडे भलतेच पैसे होते. जनाबाईनं तिथे बोट ठेवून सांगितलं की रोख काढायची नाही, उपाशी राहिली तरी नाही, आणि हेमानं शाळेतल्यासारखी मान डोलावली. मग हेमानं कागदाच्या मार्जिनमध्ये हिशेब मांडला. महिन्याला तीस हजार धरले तर सहा महिन्यांत निळ्या कार्डानं सहा हजार तीनशे कापले असते. मातकट कार्डाचे, फी धरून आणि परत मिळणारे वजा करून, दोन हजार तीनशे. मधले चार हजार. जगन वाकून आकडे बघत होता. बिचारा आपल्या बँकेचा माणूस, पण बेरीज बरोबर आहे म्हणून त्यानंच सांगितलं. जनाबाईनं आकडा ऐकला, पण तिच्या मनात भरलं ते वेगळंच. हा मातकट कागद गोणपाटात काही लपवत नव्हता. पाचशे घेतो म्हणून तोंडावर सांगत होता. असा वाटा लावणारी बाई बाजारात असती तर तिचं दुकान चाललं असतं का, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो विचार पुढे बरेच दिवस तिथेच बसून राहिला.

"हा," ती म्हणाली. "यो घे."

"ह्यात एक जोडकार्डपण फुकट आहे," हेमा फॉर्मवर वाकून म्हणाली. "घरातल्या एका माणसाला. मी तुझं नाव टाकते आई. तुझ्यामुळे कळलं हे."

मागच्या दारी पाण्याचा तांब्या ओतल्याचा आवाज झाला. उत्तरा ओटी धूत होती. आणि जनाबाईला ज्या गोष्टीकडे ती एकोणीस वर्षं बघत नव्हती ती सरळ समोर येऊन उभी राहिली. ऐंशी सालचा जून. खाडीत कारखान्यांचं काळं पाणी उतरायला लागलं होतं, दामाजीच्या जाळ्यात जिताड्याऐवजी चिखल यायचा, आणि भाऊच्या धक्क्यावरून लिलावाचं म्हावरं आणल्याशिवाय चूल पेटायची नाही. पहाटे धक्क्यावर एक बाई हवी आणि ठाण्याच्या ओट्यावर एक. उत्तरा तेव्हा तेरा वर्षांची, सातवी पास झालेली. शाळेतले गुरुजी खोपटहून चालत घरी आले होते, पोरीला काढू नका, गणितात तिच्यासारखी वर्गात दुसरी नाही, म्हणून सांगायला. जनाबाईनं त्यांना चहा दिला, खाडीतल्या चार मोठ्या निवट्या बांधून दिल्या आणि पोरीला काढली. आणि त्याच आठवड्यात, त्याच जूनमध्ये, पाच वर्षांच्या हेमाला तिनं ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घातली. कोळीवाडा तोंडात बोट घालून बघत राहिला. जनाबाईची छाती किती मोठी, पोरीसाठी काय काय करते. उत्तरा रडली नाही. तिनं आपली पत्र्याची कंपासपेटी नळाखाली धुतली, पुसली आणि हेमाच्या दप्तरात ठेवली. ती पेटी हेमानं दहावीपर्यंत वापरली आणि मग ती फिरून बाजारात आली; आता उत्तरा तिच्यात सुटे पैसे ठेवायची. जनाबाईनं धाकटीला भरभरून दिलं होतं, सगळं गाव सांगत होतं ते खोटं नव्हतं. फक्त ते घरून आणून घातलेलं नव्हतं. आणि आज वरचा कोणत्या वाट्यावर हे विचारायचं सुचलं ते तिला नाही, उत्तराला सुचलं होतं.

"माजा नको," जनाबाई म्हणाली. "उत्तराचा घाल."

उत्तरा दारात आली, हातातून पाणी गळत होतं. "मना काय कराचाय त्याचा?"

"काय कराचाय त्या तू बग. नाव तुजा पायजे."

हेमानं मोठ्या बहिणीकडे पाहिलं, मग आईकडे. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि नव्या बुटांत होती. पण तिनं काही विचारलं नाही, नाव लिहिलं, एक एक अक्षर चौकोनात बसवलं आणि सहीच्या जागी फुली करून फॉर्म पुढे सरकवला. उत्तरानं हात पुसले नाहीत. जगननंच खिशातला रुमाल काढून दिला, त्यानं तिनं बोटं टिपली आणि सही केली, सबंध नाव, वळणदार, सातवीच्या वहीतल्यासारखी रेघेवर. जगन म्हणाला, "ताई, अक्षर काय आहे हो तुमचं." परक्या बँकेच्या फॉर्मवर आपल्या रुमालानं सही करवून घेतलेला हा पहिलाच एजंट असावा. जाताना जनाबाईनं त्याला साफ केलेले बोंबील बांधून दिले. त्याच्या आईला बोंबील आवडतात असं तो म्हणाला.

पुढचे तीन आठवडे जनाबाईचे होते. हेमा कोट आणायला गेली तर तिला घेऊन गेली आणि दुकानदारानं वर मफलर फुकट सांगितल्यावर दोघी एकमेकींकडे बघून बाहेर पडल्या. विम्याचा कागद आला की "आई, जरा बघ गं," आणि जनाबाई चष्मा नसताना चष्मा लावल्यासारखं तोंड करून कागद उलटा करायची. दामाजीनं टॉवरच्या फाटकावर ही हकिकत कोणाला सांगितली देव जाणे, पण एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे एक साहेब हातात दोन पत्रकं घेऊन बाजारात ओट्यापुढे उभे राहिले आणि कोळंबी घेता घेता हळूच विचारू लागले की ह्यातलं कोणतं बरं. जनाबाईनं त्यांना खालचं वाचायला सांगितलं. विमानतळावर हेमा वाकून पाया पडली तेव्हा जनाबाई रडली, चांगली हुंदके देऊन रडली, पण त्या रडण्यात भीती उरली नव्हती. काचेच्या दारापाशी पोरीनं वळून पर्सवर हात थोपटून दाखवला. कार्ड आहे, आत आहे.

उत्तराचं कार्ड त्यानंतर चार दिवसांनी आलं. जनाबाईनं पाकीट न फोडता कमरेच्या बटव्यात घालून बाजारात आणलं आणि वाटे लावून झाल्यावर शेजारच्या ओट्यावर ठेवलं. उत्तरानं कोयत्याच्या टोकानं ते फोडलं. बोंबलाच्या पाण्यानं माखलेल्या बोटांनी कार्ड बाहेर काढलं, नळाखाली धरलं, पदराला पुसलं. त्याला काही झालं नाही. मग उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवत ती वाचायला लागली, पाचवीत शिकलेल्या एबीसीडीनं, अडत, ओठ हलवत. यू. टी. टी. ए. आर. ए. शेवटच्या अक्षरावर तिचं बोट थोडा वेळ तसंच राहिलं. आजूबाजूच्या ओट्यांवरून बाया वाकल्या, कार्ड हातोहात फिरलं, एकीनं दातांत धरून पाहिलं, दुसरीनं विचारलं की याच्यावर साडी मिळते काय, आणि ते सगळा बाजार फिरून, खवले चिकटून, पुन्हा उत्तराकडे आलं. तिनं ते पत्र्याच्या कंपासपेटीत ठेवलं, सुट्या पैशांवर आडवं, आणि झाकण लावलं.

जनाबाई समोरच्या वाट्याकडे बघत म्हणाली, "ऐंशी साली तुज्या वाट्यातला काडून मी हेमाला वर घातला." एवढं एक वाक्य म्हणायला तिला एकोणीस वर्षं लागली होती.

"मना ठाव हाय आये," उत्तरा म्हणाली. ती कोळंबीवर पाणी मारत होती. "एकोनीस वरसा वाटे लावतंय मी." मग पाणी मारायचं थांबून तिनं आईच्या गुडघ्यावर ओला हात ठेवला आणि काढला नाही. "पोरगी जर्मनीला गेली. माजाच होता ना त्यो बोंबील? मंग माजाच गेला तितं."

जनाबाईला हसू आलं आणि त्यासरशी डोळेही भरून आले, आणि दोन्ही तिनं आवरलं नाही. असं हलकं वाटलेलं तिला आठवत नव्हतं. तिनं मांडीखालचं गोणपाट उचललं, त्यातले काढून ठेवलेले बोंबील एकेक करून समोरच्या वाट्यांवर परत लावले आणि गोणपाट झटकून बाजूला घडी घातलं. उत्तरा बघत होती. तेवढ्यात ओट्यापुढे टाय दिसला. जगन होता, हातात निळी फाइल नव्हती, कापडी पिशवी होती. आईनं पाठवलंय, म्हणाला, मागचे फार आवडले. त्यानं वाटा निवडला, भाव पाडायचा प्रयत्न केला, जमला नाही, पैसे काढले, आणि जनाबाईच्या ओल्या हातात हात टेकवून दिले. मग पिशवीचं तोंड उघडून धरत तो गालातल्या गालात हसला.

"मावशी, वर काहीतरी टाका की."

जनाबाईनं वाट्याकडे पाहिलं. बारा होते.

"वर काय नाय," ती म्हणाली. "वाटाच पुरा हाय. मोजून घे."